दहा पात्यांचें घरगुती यंत्र

श्रोतेहो, आपणांपैकीं कोणाच्या हाताशीं या घटकेस शिसपेन्सिल असेल, तर तिचें मागचें टोंक उजेडाकडे धरून जरा निरखून पाहा. लांकडाच्या मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक बारीक रेघ गेलेली दिसेल. पेन्सिल ही एकसंध काडी नव्हे. एका पातळ पट्टीवर शेजारीं शेजारीं अनेक खांचा पाडतात, त्यांत शिसें ठेवतात, वर तशाच खांचा पाडलेली दुसरी पट्टी चिकटवितात आणि मग त्या जोडपट्टीच्या काड्या वेगळ्या करतात. वरची खांच खालच्या खांचेवर बरोबर आली नाहीं, तर शिसें एका अंगास सरकतें. टोंक काढतांना तें वारंवार मोडतें आणि आपण मात्र चाकूला दोष देतों. या खांचा एकेक करून कोणी पाडीत बसत नाहीं. एकाच आंसावर अनेक पातीं बसवून त्या सगळ्या एका फेरींत पाडतात. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत एबेनेझर वुड नांवाच्या कारागिरानें पेन्सिलीसाठीं अशी सोय केली होती.

आज मी ज्या यंत्राची हकीकत सांगणार आहें तें त्याच जातीचें आहे. मात्र तें कारखान्यांत जन्मलें नाहीं. ज्या शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें, पण ज्याला आम्ही जुनीं माणसें अजून नुसतें 'नगर' म्हणतों, तेथील एका घराच्या पडवींत तें तयार झालें; आणि तयार करणारा, म्हणजे मी, आयुष्यभर शाळेंत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें.

माझे वडीलही शिक्षकच होते. सुटीच्या दिवशीं नेवासें, शेवगांव, पाथर्डी या तालुक्यांतील खेड्यांत जाऊन मॅजिक लँटर्नच्या साहाय्यानें व्याख्यानें देण्याचा त्यांना नाद होता. चावडीसमोर धोतर ताणून पडदा करावयाचा, कार्बाइडचा दिवा पेटवावयाचा आणि एकेक कांचचित्र सरकवीत प्लेग, देवी, नारू यांविषयीं बोलावयाचें, असा त्यांचा क्रम असे. महाराष्ट्रांत या कलेची परंपरा जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नांवानें हातानें रंगविलेल्या कांचचित्रांचे खेळ केले होते. वडिलांचे प्रयोग त्या मानानें अगदीं साधे. पण नारूचें चित्र पडद्यावर आलें म्हणजे माणसें आपल्या पोटऱ्या चांचपूं लागत, हें मीं लहानपणीं स्वतः पाहिलें आहे. बारवेच्या पायऱ्या उतरून, पाय पाण्यांत बुडवून घागर भरण्याची आमच्याकडील रीत त्या रोगास फार सोयीची होती. पाणी फडक्यानें गाळून प्या, एवढेंच वडिलांचें सांगणें असे. देशांतील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ सालीं आढळला आणि २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. तो दिवस पाहावयास वडील राहिले नव्हते.

त्यांच्या मागें उरलीं तीं कांचचित्रें. मूळच्या देवदारी पेट्या वाळवीनें खाल्ल्यावर घरच्या मंडळींनीं तीं बिस्किटांच्या डब्यांत, एकावर एक, पोळ्यांसारखीं रचून ठेवलीं होतीं. कांचेला याहून वाईट शिक्षा नाहीं. तळच्या कांचेवर साऱ्या थराचें ओझें येतें आणि डबा हलविला कीं कोपरे एकमेकांवर घांसतात. मीं डबे उघडले तेव्हां प्रत्येक डब्याच्या तळाशीं चुरा होता. धडधाकट, अथवा निदान पाहण्याजोगीं, अशीं ४४६ चित्रें निघालीं. चित्र म्हणजे सव्वातीन इंच चौरस अशा दोन कांचा. मध्यें प्रतिमा आणि कडांना काळ्या कागदाची पट्टी. जाडी सुमारें तीन मिलिमीटर. हीं चित्रें उभीं, प्रत्येक आपापल्या खांचेंत, शेजाऱ्याला न शिवतां राहिलीं पाहिजेत. एका पेटींत पन्नास धरलीं तर पेट्या नऊ झाल्या. आणि प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंनीं आधार हवा, म्हणून खांचा झाल्या नऊशें.

संग्रहालयांतील जाणकार आजकाल लांकडाऐवजीं निराम्ल पुठ्ठ्याच्या पेट्या वापरा असें सांगतात, कारण लांकडांतून सुटणाऱ्या वाफा प्रतिमेस बाधतात. तें खरें आहे. माझीं चित्रें दोन कांचांमध्यें बंदिस्त होतीं आणि मला एका पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचें जुनें, मुरलेलें सागवान मिळालें होतें, म्हणून मीं लांकूड पत्करलें. उघड्या निगेटिव्हांसाठीं मात्र तें पत्करूं नये.

आमच्या गल्लींत एक वृद्ध मिस्त्री आहेत. वडिलोपार्जित सुतारकाम, वयानें माझ्याहून चार वर्षांनीं मोठे. त्यांना नऊशें खांचांचा हिशेब सांगितला तेव्हां त्यांनीं पेटीचा नमुना हातांत घेतला, अंगठ्यानें कड चांचपली आणि म्हणाले, "खतावणीनं आखायचं, करवतीनं दोन काप घ्यायचे, पटाशीनं मधलं काढून टाकायचं. दोन आठवडे धरा, मास्तर." मला त्याच वेळीं 'होय' म्हणतां आलें असतें. पण मुलांना चाळीस वर्षें तरफा आणि कप्प्या शिकविणाऱ्या माणसाच्या डोक्यांत एकदां यंत्र शिरलें कीं तें निघत नाहीं. शिवाय मनांत एक शंका होती: नऊशें वेळां आखलेली रेघ नऊशें वेळां बरोबर येईल काय?

यंत्राची कल्पना सोपी आहे. एक इंच जाडीचा पोलादी आंस, त्यावर दहा चक्राकार पातीं, दर दोन पात्यांमध्यें अंतर राखणारें एकेक कडें, आणि दोन्ही टोंकांस बेअरिंग. हा आंस मेजाच्या खालीं बसवावयाचा. मेजाच्या फटींतून पात्यांचे दांत फक्त एक सूत वर डोकावले पाहिजेत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. आमच्याकडील कोणत्याही मिस्त्र्याला मिलिमीटरपेक्षां तोच जवळचा वाटतो. फळी एका सरकत्या पाटावर घट्ट धरून पात्यांवरून पलीकडे ढकलली कीं एका फेरींत दहा खांचा तयार. मग दहावी खांच मेजावर ठोकलेल्या एका जिभेवर अडकवावयाची आणि पुढच्या दहा पाडावयाच्या. पांच फेऱ्यांत पन्नास.

पातीं मीं भंगारवाल्याकडून आणलीं. नगरच्या औद्योगिक वसाहतींतून धातु कापण्याचीं झिजलेलीं पातीं त्याच्याकडे येतात. चार इंच व्यासाचीं, तीन मिलिमीटर जाडीचीं, मध्यें एक इंची भोंक असलेलीं. त्यांचा एक गुण असा कीं तीं कडेपेक्षां मध्याकडे किंचित् पातळ घांसलेलीं असतात, म्हणून खांचेच्या भिंतींना अंग घांसत नाहींत. अवगुण असा कीं धातूसाठीं दांत फार बारीक आणि दाट असतात. लांकडाचा भुसा धातूच्या किसापेक्षां फुगीर. त्याला दोन दांतांमध्यें राहावयास जागा मिळाली नाहीं तर तो तेथेंच दडपतो, पातें तापतें आणि लांकूड करपतें. पहिल्या दिवशीं पडवींत होळीचा वास सुटला होता. मग सहाणेच्या चाकावर मीं प्रत्येक पात्याचा एकआड एक दांत उडविला. हीं पातीं इतकीं कठीण असतात कीं कानशीला दाद देत नाहींत. या एका कामांत पंधरा दिवस गेले.

परंतु यंत्राचें मर्म पात्यांत नाहीं, कड्यांत आहे. दोन खांचांमधील अंतर तीन सूत, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, ठरविलें होतें. त्यांतून पात्याचे तीन वजा जातां कड्याची जाडी साडेसहा मिलिमीटर. एक कडें मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकें, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकें, अधिक झालें तर डोळ्यांना कळतही नाहीं. पण नऊ कडीं तशीं झालीं तर दहावी खांच जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. चूक लहान असते. ती रांगेंत उभी राहिली म्हणजे मोठी होते. याहून वाईट गोष्ट म्हणजे कड्याच्या दोन बाजू समांतर नसणें. तसें कडें असलें आणि टोंकाचा नट आवळला, तर पोलादाचा आंसही किंचित् वांकतो. मग सगळीं पातीं दारुड्यासारखीं झोकांड्या खात फिरतात आणि तीन मिलिमीटरची खांच साडेतीनची होते. कडें आणि पातें यांच्यामध्यें भुशाचा एक कण अडकला तरी हाच परिणाम. दर वेळीं पातीं काढून घालतांना प्रत्येक कडें फडक्यानें पुसावयाचें, हा नियम मीं चार वेळां फसल्यावर केला.

मोटर एका जुन्या कडबाकुट्टी यंत्राची, एक अश्वशक्तीची, मिनिटाला १४४० फेरे घेणारी. मोटरीची कप्पी आंसाच्या कप्पीच्या दुप्पट घेतली, म्हणजे पातीं २८८० फेरे फिरूं लागलीं. फळी पात्यांवर ढकलावयाची ती दांतांच्या गतीच्या विरुद्ध दिशेनें. दांतांबरोबर ढकलली तर यंत्र ती तुमच्या हातून ओढून घेतें. फळीच्या मागच्या कडेला दांत बाहेर पडतांना लांकडाचे तंतू उचकटतात, म्हणून तेथें टाकाऊ लांकडाची एक पट्टी टेकून ठेवावी.

पहिली जोडी पाडून झाली तेव्हां मला फार आनंद झाला. खांचा इतक्या स्वच्छ, कीं बोट फिरविलें तर फणीवरून फिरल्यासारखें वाटावें. पेटी जोडली, चित्रें घालूं लागलों. पहिलीं दहा-बारा नीट बसलीं. पुढें तीं तिरपीं होऊं लागलीं. तिसाव्याच्या सुमारास चित्र एका बाजूच्या खांचेंत शिरलें कीं दुसऱ्या बाजूस खांच नसून लांकूडच येई. दोन दिवस मीं कडीं मोजीत बसलों. शेवटीं मिस्त्री आले. त्यांनीं पेटीच्या दोन्ही बाजू सुट्या करून शेजारीं ठेवल्या आणि विचारलें, "ह्या दोन निरनिराळ्या का पाडल्या?" मीं म्हणालों, "मिस्त्री, बाजू दोन आहेत, म्हणून दोन पाडल्या." ते हंसले. "आम्ही चौकट करतो, तवा दोन्ही उभं लाकूड जोडीनं आखतो. आखणी चुकली तरी दोघांची सारखीच चुकती. एकच रुंद फळी घ्या. तिच्यावर खाचा पाडा. मग मधनं उभी चिरा. पुस्तक मिटल्यावानी दोन्ही समोरासमोर धरा. तुमचं कडं खोटं असंना का, खाच खाचीसमोरच येणार."

माझें झालें होतें असें: एक बाजू मीं डावीकडून पाडावयास आरंभ केला होता आणि दुसरी उजवीकडून, त्यामुळें कड्यांतील आणि जिभेंतील सूक्ष्म चूक एका बाजूस पुढें धांवत होती तर दुसऱ्या बाजूस मागें. नऊ कडीं अधिक अचूक करण्यासाठीं मी आणखी महिना घालविला असता. सात इंच रुंदीची एक फळी घेतल्यानें तो प्रश्नच उरला नाहीं, आणि यंत्रावर पाडावयाच्या खांचाही नऊशेंच्या साडेचारशें झाल्या. यंत्र माझें होतें. तें चाललें मिस्त्र्यांच्या शहाणपणावर.

त्यांच्याशीं बोलतांना आणखी एका गोष्टीचा उलगडा झाला. लांकूड हवेंतील ओल घेऊन फुगतें तें तंतूंच्या आडव्या दिशेनें. तंतूंच्या लांबीनें जवळजवळ मुळींच नाहीं. नगरची हवा वैशाखांत कोरडीठणक असते, श्रावणांत तितकी राहत नाहीं. म्हणून खांचा तंतूंना आडव्या पाडाव्या, म्हणजे त्यांमधील अंतर लांबीच्या दिशेनें येतें आणि बारा महिने तेंच राहतें. पेटीच्या चारही बाजूंचे तंतू आडवे ठेवले कीं समोरासमोरच्या भिंतींतील अंतरही बदलत नाहीं. पेटी उंचीनें थोडी वाढेल, घटेल. त्यानें चित्राचें कांहीं बिघडत नाहीं.

चित्रें घट्ट होत होतीं, ती अडचण लग्नपत्रिकेनें सोडविली. कडेच्या कागदी पट्टीमुळें कांहीं चित्रें तीन मिलिमीटरहून थोडीं जाड भरत होतीं. फळी एकदां पात्यांवरून नेल्यावर अडणीला लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा तुकडा लावला आणि फळी तेवढीच बाजूला सरकवून पुन्हा नेली. दहाही खांचा पुठ्ठ्याच्या जाडीइतक्या, आणि सारख्याच, रुंद झाल्या.

एक प्रसंग सांगावयास संकोच वाटतो, पण घरीं कोणी असें यंत्र करूं म्हणेल तर त्यानें तो ऐकलाच पाहिजे. एका संध्याकाळीं फळी पाटावर दाबणारी पाचर सैल झाली होती. मला तें दिसलें होतें. एवढी फेरी उरकूं, असें मनांत आलें. फळी जराशी उचलली गेली, दहाही पात्यांनीं ती एकदम पकडली आणि ती माझ्या बरगडीजवळून जाऊन मागच्या भिंतीवर आदळली. भिंतीचा गिलावा पडला. माझ्या डाव्या तर्जनीचें नख गेलें. बोट राहिलें, हें दैव. एक पातें हाताला लागलें तर टांके घालतां येतात. दहा पातीं शेजारीं शेजारीं असतील, तर टांके घालावयास कांहीं शिल्लक राहत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मिस्त्र्यांनीं न विचारतां पात्यांवर फळ्यांची टोपी बसविली, पाटाला लांब दोन मुठी लावल्या आणि वीज बंद करण्याची कळ पायाशीं आणली. त्यानंतर एक पेटी पुरी होईपर्यंत ते माझ्याशीं फारसे बोलले नाहींत.

यंत्र आणि हात यांचें हें प्रकरण नगरला नवें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे गृहस्थ येथें होते. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षणसंस्थेंत शिकलेला हा माणूस. पण गिरणी काढण्याच्या मागें न लागतां त्यांनीं नगरच्या विणकऱ्यांचा हातमाग सुधारण्याचें काम घेतलें. धोटा झपाट्यानें धांवावा, पण माग विणकऱ्याच्या हातापायांनींच चालावा, हा त्यांचा कटाक्ष. पुढें अमेरिकेस परतल्यावर त्यांनीं व त्यांच्या पत्नी एलिनॉर यांनीं १९२२ सालीं केंटकी प्रांतांतील बेरिया या गांवीं हातमागाचा कारखाना काढला. तो २००७ पर्यंत चालला. दुसरें उदाहरण १९२९ सालचें. अखिल भारतीय चरखा संघानें उत्तम चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें होतें. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: किंमत दीडशें रुपयांहून अधिक नको, तो वीस वर्षें टिकला पाहिजे, साध्या झोंपडींत हातानें किंवा पायानें चालला पाहिजे. तें बक्षीस अखेर कोणालाच मिळालें नाहीं. या अटी मीं माझ्या यंत्राला लावून पाहिल्या. विजेची मोटर आली तेथेंच तें नापास झालें. गल्लींतल्या गल्लींत दुरुस्त होतें काय, एवढ्या एका कसोटीला मात्र तें उतरतें. बेअरिंग सोडलें तर त्यांतील प्रत्येक भाग आमच्या पेठेंत होतो.

आतां व्यवहाराचा हिशेब. यंत्र उभें करावयास मला तीन महिने लागले. मिस्त्र्यांनीं हातानें काम करावयास दोन आठवडे सांगितले होते. आणि रुंद फळीची युक्ति त्यांना ठाऊक होतीच, म्हणजे खरें पाहतां तें काम आठवड्याचेंच होतें. यंत्र तयार झाल्यावर नऊ फळ्यांच्या साऱ्या खांचा मीं एका दुपारीं पाडल्या, हें खरें; पण त्या एका दुपारीसाठीं तीन महिने, हें गणित मीं शाळेंत कोणाला बरोबर दिलें नसतें. नऊ पेट्यांसाठीं असें यंत्र करूं नये, असेंच माझें मत झालें आहे. मिस्त्र्यांनीं हें मत माझ्याआधीं तीन महिने बनविलें होतें, पण बोलून दाखविलें नाहीं.

यंत्र आतां त्यांच्या दुकानांत आहे. मीं तें देऊं केलें तेव्हां त्यांनीं दोन दिवस उत्तर दिलें नाहीं. मग नातवाला हातगाडी घेऊन पाठविलें. तीन मिलिमीटरचें प्लायवुड त्या खांचेंत नेमकें बसतें, हें त्यांनीं माझ्या आधीं हेरलें होतें. रुंद कडीं करवून घेऊन ते आतां खणांचे आडवे-उभे पडदे बसवितात. पहिलें काम एका होमिओपॅथ डॉक्टरांच्या कुप्यांच्या खणाचें आलें, दुसरें एका सराफाचें. रुंद फळीच पाडावी आणि मग चिरावी, हें ते नातवाला शिकवीत होते तेव्हां मी दुकानांत होतों. "मास्तरांनी आधी दोन पाडल्या होत्या," असें त्यांनीं माझ्यादेखत सांगितलें. पात्यांवरची टोपी नातू कधीं कधीं काढून ठेवतो, त्यावरून दोघांचें वाजतें. या बाबतींत मी आजोबांच्या बाजूनें आहें.

पेट्या माझ्या कपाटांत आहेत. नवव्या पेटींतील शेवटच्या चार खांचा रिकाम्या राहिल्या. नारूचें चित्र पहिल्या पेटींत, पहिल्या खांचेंत ठेवलें आहे. त्याचा उजवीकडील वरचा कोपरा बिस्किटांच्या डब्यांत असतांनाच उडाला होता.